आजोबांना न दिसलेलं बटण

कसबा बावड्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा बारावी कॉमर्सला. घरात सिनेमा लागला की हा रिमोट घेऊन बसतो, दर पाच मिनिटांनी थांबवतो, 'ही भिंत हिरवीच का रंगवली असेल?' असं विचारतो आणि वहीत चौकट काढून काहीबाही लिहितो. फोटो आणि वेबसाइट बघतानाही तेच. वडिलांचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. ते म्हणतात, सिनेमा थांबवून बघायचा पगार कोण देतंय? या नादाचं पुढे काही होईल, की बँकेच्या परीक्षांचा क्लास लावायचा, असं आईनं विचारलंय. सोबत वहीच्या चार पानांचे फोटो आहेत.

ताई, नमस्कार.

आधी वडिलांच्या प्रश्नाचं बघू, कारण तो रास्त आहे. नुसतं बघून मत सांगण्याचे पैसे जवळपास कुणीच देत नाही. चित्रपट परीक्षणावर घर चालवणारी माणसं मोजकीच. पैसे मिळतात ते निवड करणाऱ्याला. भिंत हिरवी ठेवायची की पिवळी, हे ठरवून ती उद्या सकाळी सातपर्यंत रंगवून तयार ठेवणाऱ्याला. हे तुमच्या यजमानांना पटेल, कारण कुठलं पोतं दर्शनी ठेवायचं आणि कुठला तांदूळ उजेडाला मांडायचा, हे ते रोजच ठरवत असणार.

आता ती पानं. पहिल्या तीन पानांवर मी फार खूश नाही. एका चौकटीत बाई डावीकडे बसलीय, उजवीकडे मोठी खिडकी, आणि खाली लिहिलंय : 'खिडकी = एकटेपणा. निळा = दुःख.' हे इंटरनेटवरून आलेलं पाठांतर आहे. निळा म्हणजे दुःख असतं तर आपल्याकडचे निळ्या भिंतींचे अर्धे दिवाणखाने रडत बसले असते. त्या पानावर त्यानं वेगळे प्रश्न लिहायला हवे होते. कॅमेरा बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे की वरून? उजेड खिडकीतूनच येतोय, की खिडकी दिसायला आहे आणि खरा दिवा भलतीकडेच लावलाय? खिडकी बंद केली तर प्रसंगात काय बिघडेल? काहीच बिघडत नसेल, तर ती खिडकी तिथं फक्त होती म्हणून आली. असंही पुष्कळदा घडतं.

चौथ्या पानावर मात्र मी थांबलो. वीजबिल भरण्याच्या एका साइटचा स्क्रीन त्यानं पेन्सिलीनं काढलाय आणि शेजारी लिहिलंय : 'आजोबा अंगणात उन्हात बसून बिल भरत होते. फिकट नारिंगी बटणावर पांढरी अक्षरं. त्यांना बटण दिसलंच नाही. दोनदा वरचं चित्र दाबलं.' खाली आणखी एक ओळ : 'मराठी केलं की वेलांट्यांचे माथे कापले जातात.'

ताई, हे सोनं आहे. त्यानं रंगाचा अर्थ लावला नाही. रंगामुळे माणसाची अडचण कुठं झाली ते पाहिलं. वेबसाइटच्या जगात यासाठी मोजमाप आहे : साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ ला १ हवा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. फिकट नारिंगीवरचं पांढरं त्याच्या आसपासही जात नाही. वेलांट्या कापल्या जातात, कारण दोन ओळींमधलं अंतर इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठेवलेलं असतं. आपल्या अक्षरांना शिरोरेघेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. त्यांना जागा जास्त लागते. माणसं साइट कशी वापरतात हे शेजारी बसून बघण्याला यूएक्स रिसर्च म्हणतात आणि कंपन्या त्यासाठी नोकऱ्या देतात. तुमच्या यजमानांना ज्या पगाराबद्दल शंका आहे, तो बघण्याबद्दल थेट मिळतो असं हे एक ठिकाण.

मग सिनेमा सोडायचा का? कोल्हापुरात राहून असं कसं म्हणू! खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून तो शेकडो वेळा गेला असेल. कोल्हापुरात मूकपट काढणारे बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. पण रंगवलेल्या पडद्यासमोर नट उभे करण्याऐवजी त्यांनी खऱ्या लांबी-रुंदी-खोलीचे सेट उभारले, 'सैरंध्री'सारखा मूकपट १९२० साली आणला, पोस्टरही स्वतः रंगवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल १९२९ मध्ये इथंच प्रभात फिल्म कंपनी काढणाऱ्यांत होते. प्रभात १९३३ ला पुण्याला गेली आणि तिच्याच जागेत आज एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे. ही सगळी मंडळी आधी हातानं करणारी, मग बोलणारी. तुमच्या मुलाचं सध्या नेमकं उलटं चाललंय, वयच तसं आहे.

मार्गांचं थोडक्यात सांगतो. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा : साधारण जानेवारीत, बारावीची कुठलीही शाखा चालते, ओळीनं दोन वर्षं देता येते, आणि एक भाग चित्र काढण्याचा असतो. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा दोन टप्प्यांत होते. उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी आहे. एफटीआयआयचा विचार पदवीनंतर. तिथं छायांकनाला कुठलीही पदवी चालते, कलादिग्दर्शनाला मात्र चित्रकला, उपयोजित कला, वास्तुशास्त्र अशा शाखेची लागते. त्यामुळे सेटकडे ओढा असेल तर आताच बी.कॉम. करून मोकळं होऊ नका. फॉर्म भरण्याआधी कलानिकेतन आणि दळवीज या कोल्हापुरातल्या कलाशिक्षण संस्थांमध्ये जाऊन वर्ग कसे चालतात ते बघून या. त्याला बसचे पैसे सोडून काही लागत नाही.

फोटोग्राफीबद्दल मी थोडा कडवट आहे. काकांच्या स्टुडिओच्या डार्करूममध्ये माझं लहानपण गेलं आणि तो स्टुडिओ बंद होतानाही मी पाहिला. लग्नाचे अल्बम आणि दुकानदारांच्या मालाचे फोटो यांत आजही काम आहे, पण त्यासाठी पदवी लागत नाही. डोळा तयार करायला मात्र फोटोसारखं स्वस्त साधन नाही.

म्हणून एक काम देतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर आपण सगळे अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मान उंच करून उभे असतो. मावळतीचे किरण आज पायापर्यंत आले, उद्या कमरेपर्यंत, परवा चेहऱ्यापर्यंत. ढग आले की सगळे हळहळतात. उजेडाचा कोन म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. त्यानं वडिलांच्या दुकानाचा फोटो काढावा : सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. जागा तीच, मोबाइल तोच, उंची तीच. मग कुठल्या फोटोतला तांदूळ विकत घ्यावासा वाटतो, हे वडिलांना विचारावं आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहावं. त्यानंतर ते वीजबिलाचं पान स्वतः नव्यानं आखावं, कागदावरच, आणि आजोबांसमोर उन्हात धरावं. बोट कुठं जातं ते बघावं. तोंडानं काही सांगायचं नाही, हीच त्यातली अवघड गोष्ट.

बँकेचा क्लास महिनाभर थांबवा. दोन्ही कामं त्यानं पुरी केली तर यूसीडच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसवा. त्या मोफत मिळतात. आठवड्यात कंटाळला तर क्लास आहेच, आणि सिनेमा थांबवून बघायला तेव्हाही कुणाची हरकत नसावी. घरच्यांचा रसभंग होतो, तेवढं सोडून.

आणि हो, आजोबांनी त्या दिवशी शेवटी बिल कसं भरलं, हे त्या पानावर राहून गेलंय. ते त्याला लिहायला सांगा.