स्पॅनिशमध्ये ‘शिकणे’ म्हणायचं तर ‘एस्तुदिआर’ की ‘आप्रेन्देर’?

तुम्ही विचारलंय की ‘मी पुण्यात स्पॅनिश शिकते’ हे वाक्य तुम्ही ‘आप्रेन्दो’ वापरून लिहिलं, तर क्लासमध्ये ते बदलून ‘एस्तुदिओ’ करायला सांगितलं. ‘मी पोहायला शिकते’ यात मात्र ‘आप्रेन्दो’च बरोबर ठरलं. मग नियम काय?

आधी थेट उत्तर देते. तुमचं पहिलं वाक्य व्याकरणात चुकलेलं नाही. पण कोणी विचारलं, ‘सध्या काय करतेस?’, आणि तुम्हाला सांगायचंय की रीतसर क्लासला जातेय, तर ‘एस्तुदिओ एस्पान्योल’ हेच तोंडात बसणारं वाक्य. ‘भाषा हळूहळू येतेय’ यावर भर असेल, तर ‘एस्तोय आप्रेन्दिएन्दो एस्पान्योल’ म्हणा, तेही स्पॅनिश लोक सर्रास म्हणतात.

घोळ होतो तो मराठीमुळे. आपलं ‘शिकणे’ दोन्हीकडे चालतं. ‘तुमचा मुलगा काय शिकतो?’ म्हणजे कुठला कोर्स करतो. ‘मूल चालायला शिकलं’ म्हणजे ते आता चालतं. स्पॅनिशने या दोन अर्थांची वाटणी करून टाकली आहे. मी विद्यार्थ्यांना एकच कसोटी देते: वाक्यातलं ‘शिकणे’ काढून तिथे ‘शिक्षण घेणे’ किंवा ‘अभ्यास करणे’ घाला. वाक्य नीट बसलं तर एस्तुदिआर. ‘येऊ लागणे’ बसत असेल तर आप्रेन्देर. ‘फर्ग्युसनला शिकतो’, ‘इंजिनिअरिंग शिकतो’, ‘परीक्षेसाठी रात्रभर बसलो’ या सगळ्याला एस्तुदिआर. पोहणं, सायकल, स्वयंपाक, गाडी चालवणं याला आप्रेन्देर.

डेले या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत परीक्षेच्या अगदी पहिल्या पातळीवर, ए-वनला, तोंडी भागात स्वतःची ओळख करून द्यावी लागते. तिथे ‘आप्रेन्दो इन्खेनिएरीया’ म्हणणारी पुण्यातली मुलं मी कितीतरी ऐकली आहेत. ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, पण कानाला खटकतं. कॉलेजात प्रवेश घेऊन पदवी करतोय हे त्यातून उभं राहत नाही. तिथे ‘एस्तुदिओ इन्खेनिएरीया’च हवं. स्पेनमध्ये अनोळखी मुलीशी ओळख काढायची एक घासून गुळगुळीत झालेली ओळ आहे: ‘एस्तुदिआस ओ त्राबाखास?’, म्हणजे शिकतेस की नोकरी करतेस? तिथे ‘आप्रेन्देस’ कोणी म्हणणार नाही. ही ओळ पाठ करून ठेवा, ‘शिक्षण चालू असणं’ म्हणजे एस्तुदिआर हे कायमचं डोक्यात राहील.

भूतकाळात हा फरक आणखी ठसठशीत दिसतो, आणि इथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘दोन वर्षं स्पॅनिश शिकले’ आणि ‘दोन वर्षांत स्पॅनिश शिकले’ यात आपल्याला फरक लगेच कळतो. पहिल्यात नुसता काळ गेला, भाषा आली की नाही त्याचा पत्ता नाही. दुसऱ्यात ती आली. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘एस्तुदिए एस्पान्योल दोस आन्योस’, दुसरं ‘आप्रेन्दी एस्पान्योल एन दोस आन्योस’. आपला ‘त’ लागला की तिकडे ‘एन’ येतो आणि क्रियापदही बदलतं. नोकरीच्या अर्जात यातलं कुठलं वाक्य लिहिताय याकडे नीट लक्ष द्या, कारण दुसऱ्याने तुम्ही मोठा दावा करताय.

‘पोहायला शिकते’ मधल्या ‘ला’कडेही बघा. पुढे क्रिया आली की स्पॅनिशमध्ये ‘आ’ लागतो: ‘आप्रेन्दो आ नादार’. पुढे नुसतं नाम असेल तर ‘आ’ नको. इंग्रजीतून स्पॅनिशकडे येणारे हा ‘आ’ हमखास खातात. मराठीतून विचार केला तर विसरायचं कारण नाही. वाद्यांचं थोडं वेगळं. आपण ‘गिटार शिकते’ म्हणतो, ते ‘वाजवायला शिकते’ असं करून सांगितलेलं बरं: ‘आप्रेन्दो आ तोकार ला गितार्रा’. पण संगीत विद्यालयात रीतसर पियानोचं शिक्षण चालू असेल तर ‘एस्तुदिआ पियानो’ म्हणतात. म्हणजे विषयावरून क्रियापद ठरत नाही, तुम्ही काय सांगू पाहताय त्यावरून ठरतं.

क्रियापदांची रूपं पाठ करणं मात्र ‘आप्रेन्देर दे मेमोरिया’. आणि ‘उजळणी’ला ‘रेपासार’ हा सरळ शब्द आहे, तिथे दोन्हींपैकी काहीच वापरू नका.

शाळेत फ्रेंच घेतलेल्यांसाठी एक सूचना. पुण्यात अशी मुलं भरपूर. फ्रेंचचं ‘आप्राँद्र’ शिकणे आणि शिकवणे या दोन्हींना चालतं, स्पॅनिशचं आप्रेन्देर फक्त शिकण्याला. शिकवण्याला ‘एन्सेन्यार’. त्याचा ‘दाखवणे’ हाही अर्थ आहे, त्यामुळे कोणी ‘एन्सेन्यामे ला फोतो’ म्हटलं तर तो फोटो दाखव म्हणतोय.

शेवटचं, कारण हे पुस्तकात उशिरा येतं. ‘परीक्षा पुढे ढकलल्याचं कळलं’ हे सांगताना बरेच जण इंग्रजीच्या सवयीने आप्रेन्देर घालतात. बातमी कळण्याला ‘एन्तेरार्से दे’ आहे: ‘मे एन्तेरे दे के आप्लासारोन एल एक्सामेन’. स्वतः चौकशी करून माहिती काढली तर ‘आबेरिग्वार’. आप्रेन्देर तिथे तेव्हाच, जेव्हा अनुभवाने काही शहाणपण आलं. ‘आप्रेन्दी ला लेक्सिओन’ म्हणजे चांगलाच धडा मिळाला.