वाचकांचे प्रश्न : फ्रेडरिक फेनेल आणि विद्यापीठातील फुंकवाद्यवृंद

प्रश्न : फुंकवाद्यांच्या पाश्चात्त्य संगीताविषयी वाचताना फ्रेडरिक फेनेल हे नाव वारंवार भेटते. ते मुळात शिक्षक होते की वाद्यवृंद-संचालक, आणि त्यांनी नेमके नवे काय केले?

उत्तर : ते दोन्ही होते, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम या दोन भूमिका वेगळ्या न मानल्यामुळेच घडले. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९१४ मध्ये जन्मलेल्या फेनेल यांनी रॉचेस्टर विद्यापीठाच्या ईस्टमन संगीत विद्यालयात तालवाद्यांचे शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच ते शिकवू लागले.

त्या काळी विद्यापीठांचे बँड संख्येने मोठे असत. एकच स्वरपंक्ती अनेक क्लॅरिनेटवादक मिळून वाजवत. त्यामुळे नाद भरदार होई, परंतु कच्चा विद्यार्थी शेजाऱ्याच्या आधाराने निभावून जाई आणि तयारीच्या विद्यार्थ्याचा स्वरही त्या गर्दीत ओळखू येत नसे. फेनेल यांनी १९५२ मध्ये ईस्टमन विंड एन्सेम्बल स्थापन केले, तेव्हा वादक सुमारे ४५ ठेवले आणि शक्यतो एका स्वरपंक्तीला एकच वादक, आणि एकूण वादकही रचनेला हवे असतील तेवढेच, असे तत्त्व धरले. ही केवळ नादाची निवड नव्हती, तर अध्यापनाची पद्धत होती. कारण आपला श्वास, सुरेलपणा आणि लय यांची जबाबदारी आता कोणत्याही विद्यार्थ्याला दुसऱ्यावर टाकता येत नव्हती, आणि संचालकालाही प्रत्येक वाद्याची ओळ स्वतंत्रपणे ऐकावीच लागत होती. अशा वृंदासाठी रचना अपुऱ्या होत्या, म्हणून त्यांनी शेकडो संगीतकारांना पत्रे लिहून नव्या रचनांसाठी आवाहन केले. ही चिकाटी मला त्यांच्या व्यासपीठावरील कर्तृत्वाइतकीच थोर वाटते. मर्क्युरी कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकांमुळे हे वादन दूरवर पोहोचले आणि पुढे असंख्य विद्यापीठांनी तशाच रचनेचे वृंद उभारले.

प्रश्न : ईस्टमननंतर त्यांनी काय केले, आणि त्यांचे काम ऐकायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर : १९६२ पासून दोन वर्षे ते मिनियापोलिसच्या सिंफनी वाद्यवृंदात सहसंचालक होते, १९६५ पासून मायामी विद्यापीठात शिकवत होते, आणि १९८४ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, त्यांनी टोकियो कोसेई विंड ऑर्केस्ट्राची धुरा स्वीकारली. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले.

ऐकण्यासाठी गुस्ताव होल्स्ट यांच्या बँडसाठीच्या दोन सुइट (अनेक छोट्या भागांच्या रचना) घ्याव्यात. त्या फेनेल यांनी ईस्टमनच्या वृंदाकडून मर्क्युरीसाठी वाजवून घेतल्या आणि १९७८ मध्ये क्लीव्हलंडच्या व्यावसायिक वादकांसह टेलार्क या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या; हे दुसरे ध्वनिमुद्रण अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या डिजिटल ध्वनिमुद्रणांपैकी आहे. शक्य असल्यास स्वरलिपी समोर ठेवून दोन्ही लागोपाठ ऐकावीत आणि मधल्या पट्टीतील वाद्यांच्या ओळींकडे मुद्दाम लक्ष द्यावे.