ताई येऊन सही करून जाईल

प्रश्न : मावशी, मी कोल्हापूरचा, कॉम्प्युटर इंजिनिअर. दोन वर्षं नोकरी करून एम.एस.साठी दोन ठिकाणी प्रवेश मिळवलाय. अमेरिकेतलं विद्यापीठ जागतिक क्रमवारीत खूप वर आहे, पण 55 लाखांचं कर्ज लागेल. दुसरं जर्मनीतलं जारलँड विद्यापीठ. तिथं शिक्षण फी नाही, पण क्रमवारीत ते बरंच खाली. बाबांची 14 लाखांची ठेव आहे. ते म्हणतात, नाव बघ, पैशाचं मी बघतो, घर तारण ठेवू. घर आईच्या नावावर होतं, ती मृत्युपत्र न करता गेली. ताई इचलकरंजीहून येऊन सही करून जाईल. काय करू?

उत्तर : बाळा, पत्रात क्रमवारी दोनदा आली, आणि ताई एका ओळीत उरकली. मी त्या ओळीवरच अडकलेय.

मृत्युपत्र नसलं की 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आईचं घर नवरा, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखं वाटलं जातं. त्या घराचा तिसरा हिस्सा ताईचा आहे. सहीच्या नावाखाली तू तो गहाण टाकायला निघालायस. तिला कुणी विचारलंय?

अशी सही मीही केलीय. माहेरच्या कामासाठी एसटीनं आले. साहेबांनी कागदावर पेन्सिलीनं पाच फुल्या मारून ठेवल्या होत्या. इथं, इथं आणि इथं. चहा आला, निवण्याआधी सह्या संपल्या. कशावर केल्या ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढं नोटीस आली ती माझ्या सासरच्या पत्त्यावर. सासऱ्यांनी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली.

आता हिशेब बघ. 55 लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाचं व्याजच साडेपाच लाख. शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. अमेरिकेत पदवीनंतर तीन वर्षं काम करता येईल, पुढं एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची लॉटरी. ती नाही लागली, तर इथल्या पगारातून तो हप्ता फेडशील?

आणि ज्याला तू खालचं म्हणतोस, त्या जारलँड विद्यापीठाच्या जारब्रुकेन शहरातल्या आवारातच मॅक्स प्लांक या संशोधन संघटनेची संगणकशास्त्राची संस्था आहे, जर्मनीचं कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्रही आहे. जागतिक क्रमवारी अख्ख्या विद्यापीठाची असते. तुला शिकायचंय ते एका विभागात. व्हिसासाठी वर्षाला 11,904 युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. तो पैसा तुझाच, दरमहा थोडाथोडा खर्चाला मिळतो. पहिलं वर्ष ठेवीतून निघतं. दुसऱ्यासाठी वर्षात 140 पूर्ण दिवस कामाची मुभा आहे. तरी कमी पडलं, तर सरकारी बँकेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला घर तारण लागत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्षाची मुदत मिळते.

अमेरिकेला नकार कळव. याच आठवड्यात. बाबांना काय वाटेल, याची काळजी मला नको सांगूस. दुसऱ्याचा हिस्सा धरून 'मी बघतो' म्हणणं सोपं असतं.

आणि रविवारी इचलकरंजीला जा. आता सही लागणार नाही, तरी जा. प्रॉपर्टी कार्डाची प्रत सोबत ने, तिच्या हातात दे. तू जर्मनीला चाललायस हे तिला तुझ्या तोंडून कळू दे.