शॉट डावीकडे का जातो?

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा असून शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. तो उजव्या हाताने शॉट टाकतो आणि त्याचा चेंडू बरेचदा रिंगच्या डाव्या कडेला लागून बाहेर येतो. प्रशिक्षक ‘कोपर आत घे’ असे सांगतात. तो मात्र एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधला खेळाडू स्टीफन करी याचे व्हिडिओ पाहून त्याच्यासारखा उभा राहतो. घरी मोबाइलवर चित्रण करून नेमका दोष शोधता येईल का?
— एक पालक, नागपूर

उत्तर : शोधता येईल, परंतु मोबाइलच्या आधी वही घ्यावी. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर कुणाच्या अडथळ्याविना शॉट टाकतात त्या, रेषेवरून ५० शॉट टाकायला सांगून चुकलेला प्रत्येक चेंडू डावीकडे, उजवीकडे, आखूड की लांब गेला, एवढेच नोंदवावे. आखूड-लांब हा प्रामुख्याने पायांच्या जोराचा आणि चेंडूच्या उंचीचा प्रश्न असतो, तर डावे-उजवे हा हाताच्या रेषेचा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

ही रेष किती काटेकोर असावी लागते, याचा हिशोब सोपा आहे. रिंगचा आतील व्यास सुमारे ४५ सें.मी. आणि मोठ्या चेंडूचा सुमारे २४ सें.मी. असल्यामुळे कडेला न लागता आत जायचे तर चेंडू मध्यापासून कोणत्याही बाजूला फार तर साडेदहा सें.मी. सरकू शकतो. फ्री थ्रोच्या रेषेपासून रिंगचा मध्य आडव्या अंतराने सुमारे ४.२ मीटरवर असतो. म्हणजे दिशेत दीड अंशाचीही सवलत नाही, आणि आंतरराष्ट्रीय नियमांतील ६.७५ मीटरच्या थ्री-पॉइंट रेषेवर (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) तर ती एका अंशाच्याही खाली जाते.

आता मुलाच्या बरोबर मागे, रिंगच्या रेषेत मोबाइल ठेवून संथ गतीने चित्रण करावे. कोपर उजवीकडे बाहेर पडलेले असेल, तर हात वर जाताना कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग तिरका होऊन डावीकडे झुकतो आणि चेंडूही तिकडेच जातो. हे दिसले तर प्रशिक्षकांचे निदान बरोबर आहे. आधार देणाऱ्या डाव्या हाताच्या अंगठ्याचा धक्काही अनेकांच्या शॉटमध्ये असतो, पण तो सहसा चेंडू उजवीकडे ढकलतो, म्हणून आपल्या बाबतीत त्याच्याकडे नंतर पाहावे. चेंडूभोवती मध्यावर रंगीत पट्टी चिकटवली, तर मागे फिरणारी गिरकी सरळ आहे की कलती, हेही चित्रणात स्पष्ट होते.

करीचा प्रश्न मला मुलाच्या बाजूने घ्यावासा वाटतो. उजव्या हाताने टाकणारा करी पायांची बोटे थोडी डावीकडे वळवून उभा राहतो, त्यामुळे उजवा खांदा आणि कोपर विनासायास रिंगच्या रेषेत येतात. दोन्ही पाय रिंगकडे सरळ रोखून कोपर जबरदस्तीने आत घेतले, तर खांद्यावर ताण येतो आणि दमल्यावर कोपर पुन्हा बाहेर पडते. तेव्हा प्रशिक्षकांचा आग्रह आणि मुलाची नक्कल यांत विरोध असेलच असे नाही. पाय किंचित वळवणे हाच कोपर आत येण्याचा मार्ग ठरू शकतो. मात्र करीचा वेग आणि लांब अंतर आज उचलू देऊ नये. २०१५–१६ च्या एनबीए हंगामात ४०२ थ्री-पॉइंटर करणाऱ्या या खेळाडूनेही शाळेत असताना कमरेजवळून सुटणारा आपला शॉट वडील डेल करी यांच्या देखरेखीखाली एका उन्हाळ्यात मोडून डोक्याच्या वर नेला होता, आणि तो काळ त्याला जड गेला होता.

शॉट दिसायला देखणा असावा, हा हट्ट मात्र नको. एनबीएचा माजी खेळाडू रेजी मिलर याची मनगटे चेंडू सुटल्यावर एकमेकांवर येत, तरी तिथल्या नियमित हंगामांत त्याने २,५६० थ्री-पॉइंटर केले.

सुरुवात रिंगपासून दीड-दोन मीटरवरून करावी आणि एका वेळी एकच गोष्ट, आधी पाय आणि मग कोपर, बदलावी. दोन आठवड्यांनी फ्री थ्रोच्या त्याच रेषेवरून पुन्हा ५० शॉट नोंदवावेत. चुकलेले चेंडू तेवढेच राहिले, पण डावीकडचे कमी होऊन आखूड पडणारे वाढले, तर रेष सुधारली असे समजून मोबाइल बाजूला ठेवावा आणि गुडघ्यांकडे लक्ष द्यावे.