सांबाराला औषधाचा वास येतो, तपासतं कोण?

प्रश्न : आठवडी बाजारातून आणलेल्या सांबाराला परवा चक्क फवारणीच्या औषधाचा वास आला. दोनदा धुतला तरी जाईना. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "बाई, मी थोडीच फवारतो?" सरकार भाजी तपासतं की नाही? मला स्वतःला तपासून घेता येते का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : विकणारा खरं बोलला, ताई. मी अन्न निरीक्षक म्हणून लागलो, अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालो; नाव बदललं, पण हे वाक्य शेवटपर्यंत ऐकत आलो. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं ते वेगळं.)

सरकार तपासतं. कोणत्या पिकात कोणतं औषध किती उरलेलं चालेल, याचे तक्ते २०११ च्या नियमांत आहेत. ज्या औषधाचा आकडाच ठरलेला नाही, त्याला सहसा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा. दहा टनांचे दहा ट्रक सांबार आणला, तर त्यात ते औषध सगळं मिळून एक ग्रॅम! मर्यादा कडक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेळेबद्दल आहे. पालेभाजीचा नमुना घ्यायचा म्हणजे चार भाग करा, सील लावा, साक्षीदाराची सही घ्या. विश्लेषकाला अहवाल द्यायला कायद्याने १४ दिवस. सांबार तर तिसऱ्या दिवशीच पिवळा पडतो. एकदा मी घेतलेल्या मेथीचा अहवाल आला, तेव्हा तो ढीग कधीच लोकांच्या पोटात गेला होता. शेत कोणाचं, हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं आणि अडत्यालाही. नागपूरच्या कळमना बाजारात चार गावांचा माल एका ढिगात पडला की गाव उरत नाही.

आणि शेत सापडलं असतं तरी? अन्न सुरक्षा कायदा, २००६ मधलं १८ वं कलम शेतकऱ्याला आणि शेतातल्या मालाला कायद्याबाहेर ठेवतं. आमचा हात बांधापर्यंतच. बांधापलीकडे औषधाच्या बाटलीवर १९६८ चा कीटकनाशक कायदा चालतो, ते खातं कृषीचं. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे त्या बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. माझ्या मते सगळी नाडी त्या आकड्यात आहे. काटोलकडे आमच्या साळ्याची वांगी होती. फवारणी मंगळवारी, पत्रकात थांबायचे दिवस लिहिलेले, आणि गुरुवारी भाव चढला. तोडली. मी रागावलो, तर म्हणाला, "भाऊजी, थांबल्याचे पैसे तुमचं खातं देते काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षाचं उलट आहे. बागेची नोंद आधी, नमुना तोडणीपूर्वी बागेतून, अहवाल चांगला आला तरच माल पुढे. परदेशी गिऱ्हाइकासाठी जमतं ते!

आता तुमच्यापुरतं. ४० व्या कलमाप्रमाणे ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायला हवं की हे मी तपासायला देणार आहे. म्हणजे परवाची जुडी हुकली. नमुना दोषी निघाला तर फी परत मिळते आणि अहवाल कारवाईसाठी पुढे जातो. देण्याआधी एवढं विचारून घ्या, की तिथे कीटकनाशकांचे अंश तपासतात का. ती यंत्रं सगळीकडे नसतात.

वासावर फार जाऊ नका. पुष्कळदा तो औषध ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचा असतो, आणि वास नसलेली भाजी स्वच्छच असते असं नाही. वाहत्या पाण्याने वरवरचं बरंचसं निघतं. इमिडाक्लोप्रिडसारखं झाडाच्या आत शिरणारं औषध मात्र धुऊन जात नाही. मग मिठाचं पाणी करा नाहीतर हळदीचं, फरक पडत नाही.

एकाच भाजीवाल्याकडून घ्या आणि दर वेळी गाव विचारा. चार बायका विचारू लागल्या की तोही अडत्याला विचारतो, हे मी पाहिलं आहे.

तो सांबार टाकून द्या. गाईलाही घालू नका.