जुनी .22 बोल्ट-ॲक्शन घेताना: आधी काडतूस, मग कागद, मग रायफल

सांवेरकडच्या दादांनी विचारलंय की शेतात रोजडे (नीलगाई) आणि रानडुकरं फार झालीत, यूट्यूबवर जाड बॅरलच्या अमेरिकन व्हार्मिंट रायफली (उपद्रवी छोटे प्राणी मारायच्या) पाहिल्या, तशी अचूक बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल) इथे परवान्यावर कोणती घ्यावी. आणि पुण्याच्या एका नेमबाजाची जुनी .22 विकायला आहे, ती घेऊ का? हा दुसरा प्रश्न वाचून लिहायला बसलो. परराज्यातली जुनी रायफल इंदूरला आणायची म्हणजे काय काय भोगावं लागतं ते मला चांगलं माहीत आहे.

शिकारीचं आधी मिटवतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 9 ने शिकारीला बंदी आहे, आणि रोजडा कितीही उपद्रवी असला तरी कलम 11 खाली लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. शस्त्र परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. .22 ची गोळी फक्त 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅम. तिने रोजडा पडत नाही, पोटात शिसं घेऊन पळतो आणि कुठेतरी तडफडून मरतो. असं करणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. पिकाच्या नुकसानीसाठी तहसीलमध्ये आरबीसी (महसूल पुस्तक परिपत्रक) 6(4) खाली अर्ज करा, पंचनामा लवकर करून घ्या. ते व्हिडिओ प्रेअरी डॉग मारणाऱ्यांचे आहेत. त्यांची .204 रुगर किंवा .22-250 आणि तिची काडतुसं इथल्या दुकानात मिळतील अशी आशा ठेवू नका.

पण नेमका मार करायची हौस खरी असेल तर 50 मीटरची .22 घ्या, मनापासून सांगतो. आपल्याकडे वातावरणही आहे. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या नेमबाजी अकादमीत घडला, आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने याच अंतरावर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्य मिळवलं.

परवाना कसा काढायचा ते इथे लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं.

अचूक म्हणजे किती, हे आकड्यात धरा. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं असतं आणि गोळी 5.6 मिमीची. रेषेला बाहेरून स्पर्श झाला तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचं केंद्र मधल्या बिंदूपासून 8 मिमीच्या आत हवं. म्हणजे रायफलचा ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पसारा) केंद्र ते केंद्र 16 मिमीच्या आत आणि मधोमध असला तर ती रायफल तुमचे दहा चुकवत नाही. 1 एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) या अंतरावर 14.5 मिमी होतो. तेव्हा विकणारा ‘एक एमओएची आहे’ म्हणाला तर ती जेमतेम पास आहे एवढंच समजा. चांगली मॅच रायफल याहून बरीच सरस मारते.

विकणारा खिशातून पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप काढून दाखवतो. त्यावर विश्वास ठेवू नका. पाच गोळ्यांचा एखादा ग्रुप नशिबानेही छोटा येतो. सलग 50 गोळ्या, दहा-दहाचे पाच ग्रुप, बेंचवरून, आणि एकही टार्गेट फेकायचं नाही. आडवा वारा ताशी 10 किमीचा असला तरी गोळी दीड-दोन सेंटीमीटर सरकते, म्हणून चाचणी सकाळी लवकर घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या 50 गोळ्या कोणाच्या? त्याच्याकडच्या जुन्या साठ्यातल्या टेनेक्सवर (महागडी मॅच काडतुसं) ती रायफल सुरेख मारत असेल, पण तुम्हाला पुढे मिळणार एसके ब्रँडची काडतुसं किंवा दुकानात जे येईल ते. .22 मध्ये ब्रँडइतकाच, कधी कधी जास्त, फरक लॉटचा, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचा, असतो. खोक्यावर लॉट नंबर छापलेला असतो, तोच पाहायचा. एकाच नावाचे दोन लॉट एकाच बॅरलमध्ये अगदी वेगळे पडतात. म्हणून आधी तुम्हाला वर्षभर कोणती काडतुसं खात्रीने मिळतील ते ठरवा आणि त्यांच्यावर रायफल तपासा. काडतूस बदललं की पहिल्या 15-20 गोळ्या मोजू नका, बॅरलमध्ये आधीच्या गोळीचं मेण असतं. हाय व्हेलॉसिटी डबे घेऊ नका. त्या गोळ्या ध्वनीपेक्षा वेगाने निघतात आणि पुढे ती सीमा ओलांडून खाली येताना डगमगतात. स्टँडर्ड गोळी सेकंदाला साधारण 325 मीटरने जाते. इंदूरच्या थंडीत 10 अंशांना ध्वनीवेग 337 असतो आणि मेच्या दुपारी 40 अंशांना 355, म्हणजे ती बाराही महिने सीमेखालीच राहते.

रायफल हातात आल्यावर बोल्ट काढा आणि टॉर्च घेऊन चेंबरच्या तोंडाची कड बघा. रिकामी झाडून झाडून फायरिंग पिनचा खळगा कडेवर पडलेला असतो. लाकडी टूथपिक फिरवली तर तिथे अडकते. तो धातू आत चेंबरमध्ये सरकलेला असेल तर काडतुसाची रिकामी केस बाहेर यायला त्रास देते. मग बॅरलच्या तोंडाशी कान साफ करायची कापसाची काडी आतून बाहेर ओढा, चारी बाजूंनी. तंतू अडकले तर क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) खराब, आणि क्राउन खराब म्हणजे ग्रुप गेला. मॅच चेंबर (स्पर्धेसाठी घट्ट कापलेलं) आहे का हे रेंजवरच, नळी टार्गेटकडे ठेवून पाहायचं: काडतूस भरून न झाडता काढलं तर शिशावर बॅरलच्या खाचांच्या खुणा दिसतात. कधी गोळी आतच राहते आणि बारूद ॲक्शनमध्ये सांडते, घाबरू नका, पण सफाईची काठी जवळ असू द्या. स्टॉकचे स्क्रू मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळून मगच झाडा. कित्येक ‘बिघडलेल्या’ ॲन्शुट्झ आणि सीझेड रायफली फक्त ढिल्या स्क्रूच्या असतात. बॅरल 26 इंची की 20, यावर वाद घालू नका. .22 ची बारूद 16-19 इंचांत काम संपवते.

आता खरा खर्च आणि मनस्ताप कुठे होतो ते सांगतो. मी वकील नाही, नियम बदलतात, तुमच्या वकिलाकडून खात्री करा. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवानाधारकाला हत्यार दुसऱ्याला विकायचं तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर 45 दिवस जाईपर्यंत ते देता येत नाही. इकडे तुमच्या परवान्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते आणि ती चालूच राहते. या दोन्हींच्या मधे एक कार्यालय बसलेलं असतं. नाव घेत नाही. आमच्या कागदावर तिथे एका वेळी एकच त्रुटी निघायची. आधी म्हणे रायफलची मेक लिहिली नाही. ती लिहून दिली तर क्रमांक अस्पष्ट. तो नीट केला तर परवान्यावर नुसतं ‘.22 बोअर’ आहे, ‘रायफल’ शब्द नाही, दुरुस्ती आणा. हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आलं असतं. समोरच्या माणसाला कामधंदा सोडून पुन्हा पुन्हा खेटे घालायला लावण्यात काय मिळतं, हे मला आजही कळलेलं नाही.

आणि तोवर रायफल कुठे असते? डीलरच्या कस्टडीत, भाडं देऊन. पावसाळाभर फोमच्या केसमध्ये. फोम ओल धरतो आणि गंज नेमका चेंबरच्या पुढे, जिथे बॅरलच्या खाचा सुरू होतात, तिथे धरतो. बाहेरून पोलादावरची निळाई (ब्लूइंग) तशीच चकाकत असते. झाडलेल्या केसवर लांबट ओरखडे आले आणि तोच लॉट असूनही ग्रुप पसरला, की समजायचं. तो गंज घासून जात नाही, बॅरल बदलावं लागतं, आणि त्याची जबाबदारी ना कार्यालय घेतं ना दुकान.

म्हणून सौद्याच्या कागदावर लिहून घ्या की उरलेली रक्कम ताबा मिळताना, त्याच लॉटवर पुन्हा 50 गोळ्या झाडून मगच. कस्टडीत देण्याआधी बॅरलमध्ये गंजरोधक तेलाचा बोळा फिरवा, फोमची केस काढून घ्या आणि कापडी पिशवी द्या, महिन्यातून एकदा डीलरसमोर पुसून या. घेतल्यावर पहिल्यांदा झाडण्याआधी तेल कोरडं काढायला विसरू नका.

एक राहिलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. तुमच्याच परवान्यावर वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक आणि .315 रायफल चढलेल्या असतील तर तिसरी .22 अशी सहज चढणार नाही. खेळाडूंसाठी आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांसाठी वेगळी तरतूद आहे, ती तुम्हाला लागू होते का ते वकिलाकडून तपासा. तोपर्यंत 4.5 मिमीची, 20 जूलच्या आतली एअर रायफल बिनपरवाना मिळते. तिच्यावर श्वास आणि ट्रिगर दोन्ही बसतात, आणि छर्रे स्वस्त.

तुमच्या परवान्याच्या बोअर, हत्याराचा प्रकार, क्षेत्र आणि खरेदीची मुदत या रकान्यांचा फोटो टाका, नाव आणि यूआयएन (परवान्याचा ओळख क्रमांक) झाकून. पुण्याच्या रायफलची मेक, मॉडेल आणि सोबत देणार असलेल्या काडतुसांच्या खोक्यावरचा लॉट नंबरही लिहा, मग ती घ्यावी की सोडावी ते सांगता येईल.