धाकट्याचा भडका आणि ताईची वही

प्रश्न : माझा भाऊ १५ वर्षांचा, दहावीत आहे. आठवड्यातून तीन-चारदा क्षुल्लक कारणावरून त्याचा ताबा सुटतो. वस्तू फेकतो, भिंतीवर डोकं आपटतो आणि तासाभराने रडत माफी मागतो. बाबा म्हणतात, लाडाने बिघडलाय. मी २२ वर्षांची आहे. मी काय करू?
– एक ताई, सातारा

उत्तर : भडका उडालेला असताना समजावू नका. आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग विशी उलटून गेल्यावरही घडत असतो. त्या क्षणी तर तो जवळजवळ रजेवरच जातो. ‘शांत हो’, ‘शेजारी ऐकतील’ ही वाक्यं मग तेलच ओततात. दोन हात लांब, जरा बाजूला उभ्या राहा. त्याची दाराकडची वाट अडवू नका. हळू आवाजात एकदाच सांगा, “मी बाहेरच्या खोलीत आहे,” आणि गप्प बसा. मोबाईल हिसकावणं, धरून ठेवणं, व्हिडिओ काढणं नको. डोकं आपटत असेल तर भिंतीशी जाड उशी धरा. सुऱ्या, काचा, औषधं, फिनेल आधीच हलवून ठेवा. तुमच्या अंगावर आला तर खोली सोडा.

बहुतेक घरांत चूक होते ती यानंतर. पोरगं जरा निवळलं की बाबा बोलायला लागतात आणि दुसरी फेरी सुरू होते. चेहरा शांत दिसला तरी अंगातला आवेग उतरायला वेळ लागतो. पाणी द्या, काहीतरी खायला द्या. बोलणं दुसऱ्या दिवशी. तेव्हा फुटलेलं त्यानेच आवरायचं, पण जेवणाखाण्याची शिक्षा नाही. आणि ज्या मागणीला ‘नाही’ म्हटलं होतं, ते ‘नाही’च राहू द्या. चारातल्या एका वेळी जरी ऐकलं, तरी आदळआपट लांबत जाते.

दोन आठवडे वही ठेवा : वेळ, आदल्या रात्रीची झोप, शेवटचं खाणं कधी, लगेच आधी काय घडलं, किती मिनिटं चाललं, कशाने थांबलं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते; दहावीत ती पहिली कापली जाते. क्लासहून उपाशी आल्यावरच भडका उडतोय असं दिसलं, तर आधी पोहे, मग ‘टेस्ट कशी गेली?’. तो शांत असताना एक खूण ठरवा : त्याने ‘गच्ची’ म्हटलं की पंधरा मिनिटं मोकळीक, कोणी मागे जायचं नाही. परत आल्यावर विषय मात्र पूर्ण करायचा, नाहीतर ती पळवाट होते.

तीन-चारदा म्हणजे ‘वयच तसं’ नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांना वहीसकट भेटा. या वयातलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसू शकतं. अतिचंचलता, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण), शाळेतला छळ, थायरॉईड हेही तपासावं लागतं. अध्ययन अक्षमता निघाली तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मरणाची भाषा केली, हत्यार उचललं किंवा डोकं आपटल्यावर उलटी, गुंगी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय. नंतर त्याला काहीच आठवत नसेल तर फिट्सची शंका डॉक्टरांना सांगा.

बाबांशी ‘लाड की आजार’ हा वाद घालू नका. त्यांच्याकडे वहीतला एक रकाना सोपवा, झोपेचा.